सिद्धाक्काची मैत्रीण

महानंदा गेल्याचं मला भाजीवालीकडून कळलं. कळंबच्या बाजारात मी मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते. टोपलीवर पाणी शिंपडता शिंपडता ती म्हणाली, "मॅडम, आपली सिद्धाक्का गेली म्हणं की." कोण सिद्धाक्का, असं मी विचारलं, खरं तर विचारायची गरज नव्हती. "ती वं, टीव्हीवरली, जिन्यातली. सकाळधरनं सगळ्यांच्या मोबाइलवर तेच यायलंय." घरी येऊन फोन उघडला, तर कॉलनीच्या ग्रुपवर हार घातलेला तिचा फोटो, खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि समोरच्या बंगल्यातल्या बाईंनी लिहिलेलं, 'आज माझी हक्काची मैत्रीण गेली.' या बाई तिला आयुष्यात एकदाही भेटल्या नव्हत्या. महानंदाच्या मुलीचा, रश्मीचा फोन मला दुपारी आला... तोवर सगळा महाराष्ट्र रडून मोकळा झाला होता. मी मेथी निवडत बसले होते आणि डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. होता तो राग. शाळेपासूनची मैत्रीण गेल्याचं मला सगळ्यांच्या शेवटी कळावं, आणि तेही 'आपली' म्हणून!

आम्ही दोघी उमरग्याच्या. तिच्या वडिलांचं हायवेला लागून तेला-गुळाचं दुकान. घरात कानडी, दुकानात मराठी. माझे वडील इकडचे शेतकरी आणि आई सीमेपलीकडच्या गावातली, त्यामुळे आमच्या चुलीपाशी दोन्ही भाषा एकाच ताटात वाढलेल्या असायच्या. आईचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मध्येच कानडीत शिरायचं आणि शेवटी "हौद का न्हाय?" असं विचारून थांबायचं. हौद म्हणजे कानडीतलं होय. महानंदा, म्हणजे आमची नंदा, शाळा सुटली की दप्तरासकट आमच्याकडं यायची. मला वाटायचं, माझ्यासाठी येते. पण ती आईसमोर पाटावर बसायची आणि तोंड उघडं टाकून तिचं बोलणं ऐकत राहायची. मी हाका मारल्या तरी तिला ऐकू जायच्या नाहीत.

कॉलेजात आम्हाला दोघींनाही नाटकाचं वेड लागलं. मराठीच्या सरांनी माझ्या आवाजावर फार मेहनत घेतली. 'पानी' नव्हे, पाणी. 'न्हाय' नव्हे, नाही. दातांत पेन्सिल धरून ते माझ्याकडून उतारे म्हणवून घ्यायचे. मीही माझं बोलणं भांड्यासारखं घासून लख्ख केलं. नंदालाही त्यांनी शिकवायला घेतलं, पण थोड्याच दिवसांत नाद सोडला. "सर, म्या 'नाही' म्हणलं की मलाच खोटं वाटायलंय," असं ती म्हणाली आणि अख्खा वर्ग हसला. मग गॅदरिंगच्या नाटकात दरवर्षी मी नायिका आणि ती कधी शेजारीण, कधी मोलकरीण. बक्षीस मला. टाळ्या वाजवण्यात ती पुढं. त्या काळात मला तिचा हेवा वाटायचं काही कारणच नव्हतं. तसे दिवस पुढं फार राहिले नाहीत, म्हणून ते माझ्या चांगले लक्षात आहेत.

लग्न होऊन ती मुंबईकडं गेली. मी बी.एड. करून कळंबच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या नाटकमंडळीत तिला शिरकाव मिळाला आणि वर्षानुवर्षं ती तिथं आत्या, मावश्या आणि धुणंवाल्या करत राहिली. एका उन्हाळ्यात मी नात्यातल्या एका लग्नाला मुंबईत गेले होते, तेव्हा ती म्हणाली, "विजे, उद्या माझ्याबरोबर चल. एका मालिकेसाठी बायका बघायलेत. तू माझ्यापरीस भारी करतीस." म्हणजे मला तीच घेऊन गेली. एका हॉलमध्ये पंख्याखाली आम्ही ओळीनं बसलो. दोघींना एकच कागद मिळाला : जिन्यात उभं राहून वरच्या मजल्यावरच्या माणसाशी भांडायचं. मी वाचलं. एकही उच्चार घसरला नाही. दिग्दर्शक म्हणाले, "छान. बाई, तुम्ही पुण्याच्या का?" उमरग्याच्या मुलीला याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं? मी तरंगतच जागेवर येऊन बसले. मग नंदा उठली. तिनं कागद एकदा बघितला, घडी घालून कमरेला खोचला, मान वर केली आणि म्हणाली, "अय्यो, पानी सांडायलंय वरनं! माणसं राहत्यात खाली, माणसं! हौद का न्हाय?"

पंख्याचा आवाज ऐकू येईना, इतके सगळे हसले. मला 'छान' मिळालं आणि तिला काम.

ती मालिका म्हणजे 'एक जिना, सात दारं'. आज तिचं नाव काढलं की लोक त्यातले प्रसंग तोंडपाठ म्हणून दाखवतात, पण सुरुवातीला ती कुणी बघत नव्हतं. एका जुन्या इमारतीतली सात बिऱ्हाडं आणि सगळ्यांची मिळून एक पाण्याची टाकी, एवढीच गोष्ट. नंदाची सिद्धाक्का तर पहिल्या काही भागांपुरतीच होती; पाण्यावरून भांडायचं आणि घर सोडून जायचं. पण ती घर सोडून चालली त्या प्रसंगात उरलेली सहा दारं उघडून माणसं जिन्यात आली, तेव्हा ती सामान खाली ठेवून म्हणाली, "जाऊ का राहू? एकानं तरी बोला की!" हे वाक्य लिहिलेलं नव्हतं म्हणे. समोरचे नट खरोखरच हसले, कॅमेरा चालूच राहिला आणि सिद्धाक्का राहिली. पुढं कित्येक वर्षं राहिली. कळंबला आमच्या स्टाफरूममध्ये रोज दुपारी आदल्या दिवशीच्या भागाची उजळणी व्हायची. मी वह्या तपासत बसायचे. "मॅडम, तुम्ही नाही बघत?" असं कुणी विचारलं, तर "वेळ कुठं असतो" म्हणायचे. बघत होते. रोज बघत होते. तिचा एखादा प्रसंग पडला की मला त्या दिवशी शांत झोप लागायची. पण तिचे प्रसंग पडायचे नाहीत.

सगळ्यांत लागलं ते आईचं. वडील गेल्यावर आई माझ्याकडं कळंबला राहायला आली होती. मालिकेची वेळ झाली की ती पदर सावरून टीव्हीसमोर बसायची, घरी पाहुणी यायची असल्यासारखी. आणि नंदा दिसली की टाळी द्यायची. "बग विजे, बग! माझ्यावानी बोलायली की गं! अक्षी माझ्यावानी!" मी इतकी वर्षं व्यासपीठांवरून बोलले, वक्तृत्वाच्या ढाली घरी आणल्या. आईनं त्या कौतुकानं पुसूनही ठेवल्या. पण माझ्या एकाही वाक्यावर तिनं कधी अशी टाळी दिली नव्हती. माझ्या आईचा आवाज माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीतून यायचा आणि तो दुसरीच्या तोंडून यायचा.

एकदा नंदानं मला शूटिंग बघायला नेलं. टीव्हीवर एवढी खरी वाटणारी ती इमारत म्हणजे छत नसलेल्या भिंती होत्या आणि तो जिना पाच-सहा पायऱ्यांनंतर एका फळीवर संपत होता. 'वरच्या मजल्यावर' गेलेली माणसं त्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन, तोंडावर हात दाबून बसायची. कारण खाली प्रसंग चालू असायचा आणि हसू आलं तर सगळं पुन्हा करावं लागायचं. ते सगळे एकमेकांच्या डब्यातलं खात होते, एकमेकांची वाक्यं दुरुस्त करत होते. मालिकेत निवृत्त पोस्टमास्तर करणारे एक वयस्क नट माझ्या शेजारी येऊन बसले. मी म्हटलं, "नंदाला विनोद जमतो." ते म्हणाले, "नाही हो. विनोद आम्ही करतो. आम्ही सगळे आपलं वाक्य कधी येतं याची वाट बघत उभे असतो. ती एकटीच आमचं वाक्य ऐकते. ती तसं ऐकते, म्हणून आमच्यावर लोक हसतात." मी समोर पाहिलं. नंदा जिन्यात मटार सोलत होती, बोलणारा दुसराच होता, आणि तिचं तोंड तसंच किंचित उघडं होतं... आमच्या चुलीपाशी असायचं तसं. परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात एकच विचार फिरत राहिला. कॉलेजात माझ्या प्रत्येक बक्षिसाच्या वेळी माझ्यासमोर हीच उभी होती. ती मुंबईला गेल्यानंतर मी दोन-तीन नाटकं केली. त्यांत मला बक्षीस नव्हतं. म्हणजे तेही तिचंच होतं की काय? तिनं काही तरी माझ्यासाठी सोडायला हवं होतं.

मालिका संपली, पण लोकांनी तिला संपू दिलं नाही. दुपारी तिचे जुने भाग लागतात. उमरग्यात एका दवाखान्यात पेशंट बसतात तिथं तीच चालू असते. डॉक्टर म्हणतात, नंबर येईपर्यंत कुणी तक्रार करत नाही. लग्न ठरलेल्या मुली सासरच्यांना सात दारांतली नावं देतात. मला वाटतं, त्या इमारतीत कुणी शहाणं नव्हतं आणि कुणी एकटं नव्हतं, एवढंच त्याचं कारण असावं. हे मी तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "कसलं भारी बोलतीस गं!" मी मुख्याध्यापिका असताना ती आमच्या गॅदरिंगला पाहुणी म्हणून आली होती. मी प्रास्ताविक केलं, अगदी घोटून तयार केलेलं. पोरं चुळबुळत होती. नंदा मात्र खुर्चीच्या कडेवर पुढं सरकून ऐकत होती. मग ती माइकपुढं गेली आणि म्हणाली, "दमलाव का रं?" बस्स. मंडप डोक्यावर घेतला पोरांनी. रात्री आमच्याकडं जेवताना ती म्हणाली, "माझं काय, मला बघून हसत्यात." मला तो नम्रपणाचा आव वाटला आणि मी तिला भाजी वाढली.

तिच्या शेवटच्या आजारात मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी तिला बोलताना धाप लागत होती, म्हणून मीच बोलत होते. मी उठले तशी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "अजून बोल की..." मी आणखी बसले.

गेल्या महिन्यात उमरग्याला शोकसभा झाली. हॉलबाहेरही माणसं उभी होती. एक ट्रकचालक हैदराबादहून माल घेऊन परतताना गाडी बाजूला लावून आत आला होता. एकेक जण उठून 'आमची आक्का' म्हणत रडत होता आणि मी पहिल्या रांगेत बसून मनात प्रत्येकाला विचारत होते, तुमची कधीपासून? मला शेवटी बोलायला लावलं. मी बोलले, माझ्या नेहमीच्या मराठीत. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

सभा संपल्यावर रश्मीनं मला मागच्या खोलीत नेलं आणि हातात चहा दिला. "मावशी, एक विचारू? आईनं तुम्हाला कधी सांगितलं का?"

"काय?"

"ती तुमच्यावर लई जळायची."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"खरंच. नवा सीन आला की आधी तो तुमच्यासारखा म्हणून बघायची. आरशासमोर. प्रत्येक 'ण' सांभाळून. मग चिडायची. म्हणायची, 'विजी बोलायला लागली की माणसं गप बसून ऐकत्यात. मला बघून नुसती हसत्यात. जल्मात एकदा तरी मला असं गप बसून ऐकावं कुणी.' तुमच्या शाळेतून आली तेव्हा तर दोन दिवस धुसफुसत होती. म्हणाली, 'बाईनं माइकसमोर उभं राहून काय वाक्यं टाकली, आणि म्या काय म्हणलं? दमलाव का रं!'"

मी चहाचा कप खाली ठेवला. बाहेर खुर्च्या उचलल्याचे आवाज येत होते. रश्मी घाबरून म्हणाली, "मावशी, तुम्हाला वाईट वाटलं का?" मी मान हलवून नाही म्हटलं. मला रडू येत होतं आणि खरं सांगायचं तर मला इतका आनंद झाला होता, की त्या खोलीत तो दाखवायची चोरी होती. आजवर कुणी मला दिलेलं सगळ्यांत मोठं बक्षीस होतं ते. पण ते तिनं स्वतः द्यायला हवं होतं. आम्ही दोघींनी एकमेकींसमोर बसून, दातओठ खाऊन, एकदा तरी नीट भांडायला हवं होतं...

धाराशिवच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर मोबाइल टेकवून. नळदुर्ग मागं पडलं तसा ओळखीचा आवाज आला. 'एक जिना, सात दारं.' वरच्या मजल्यावर कुणीतरी पाणी सांडत होतं. ती बाई आधीच हसायला लागली होती.

"ही माझी मैत्रीण," मी म्हणाले. "शाळेपासूनची."

तिनं एकदा मोबाइलकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. "सिद्धाक्का? खरं म्हणता?"

"व्हय," मी म्हणाले. "माझ्यावर लई जळायची ती."

त्या बाईला ते पटलं की नाही, कोण जाणे. पण तिनं मोबाइल दोघींच्या मध्ये धरला आणि तुळजापूर येईपर्यंत आम्ही एकमेकींना खेटून बघत राहिलो.