फोटोत गरिबी दिसली पाहिजे

"बाई, हे भांडे उतरवा. आन् एखादं फाटकं लुगडं नेसून या. फोटोत गरिबी दिसली पायजे."

घरकुलाच्या सर्व्हेला आलेल्या साहेबाने माझ्या याडीला, म्हणजे आईला, हे भर अंगणात सांगितलं. गावातला मोठ्या शेतीवाडीचा एक कास्तकार त्याला गाडीवर बसवून आमच्या तांड्यात घेऊन आला होता. तो हसला. "यायले शिकवा लागत नाही, साहेब. नाटक यायच्या रक्तातच हाये."

साहेब येणार म्हणून याडीने आदल्या दिवशी दर्शनी भिंत पांढऱ्या मातीने सारवली होती. लग्नातली पितळी भांडी चिंचेने घासून उतरंड लावली होती. दारी माणूस येणार म्हटलं की आमच्यात असंच करतात. साहेबाला त्यातच संशय आला.

"एवढं चकाचक घर असल्यावर घरकुल कायले पायजे?"

मागची भिंत पावसात बसली होती. तिथे नुसती ताडपत्री. यादीत नाव लागलं नाही तर पुढचा पावसाळाही तिच्याच आडोशाने. साहेबाने घरात पाय ठेवला नाही. दिलेलं पाणीही घेतलं नाही.

याडी मुकाट्याने एक हंडा उतरवून माझ्या हातात देऊ लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. हंडा मी परत जागेवर ठेवला.

"याडी, लुगडं बदलू नको. साहेब, गरिबी पाहाची असंल तर मागं या. भिंत पडली हाये."

"मागचा फोटो चालत नाही. समोरचाच लागते."

"कोणं सांगतलं?"

कास्तकाराने साहेबाला डोळ्याने काहीतरी खुणावलं. साहेबाने समोरून फोटो काढला, मोबाइलवर बोटं फिरवली. काय भरलं ते दाखवा म्हटलं, तर मोबाइल खिशात.

संध्याकाळी शेजारीण आली. ती त्या कास्तकाराकडे शेण काढायला जाते. त्याच्या पुतण्याचा फोटो साहेबाने गुरांच्या गोठ्यासमोर काढला, हे तिने डोळ्यांनी पाहिलं. पुतण्याचं स्लॅबचं घर गोठ्याला लागूनच. ते फोटोत आलं नाही.

तेव्हापासून मी साहेबाच्या मोबाइलवर विश्वास ठेवत नाही. त्याच्या बोलण्यावर तर नाहीच. ग्रामसभेत घरकुलाची नावं वाचतील तेव्हा मी उभी राहणार. ज्याचं नाव येईल त्याच्या घरी सगळ्या गावाला नेणार. दार उघडायला लावणार. आमचंही.

याडी घाबरते. "बेटी, वैर होईन."

होऊ दे.