राजापूरला ओरडत गेलेली मोटार

नातवंडांनो,

अभयने परदेशात एक जुनी मोटार घेतली आहे. तिचे ब्रेक किंचाळतात, त्यात तेल घालू का, असं त्याने विचारलंय. अभय, हे वाचून होईपर्यंत तेलाला हात लावू नकोस. माझ्या ताईच्या लग्नाला आम्ही रत्नागिरीहून राजापूरला कसे पोचलो, ते आज सांगतेच.

मी तेव्हा इंग्रजी दुसरीत, म्हणजे आताच्या सहावीत, होते. बाबांनी एका वकिलांची जुनी मोटार घेतली होती. तिचेही ब्रेक ओरडायचे. लग्न गोरज मुहूर्तावर होतं आणि नवरामुलगा लगेच आफ्रिकेला नोकरीवर निघायचा होता. मुहूर्त चुकला असता तर तो परत येईपर्यंत ताईला थांबावं लागलं असतं. बाकीचं वऱ्हाड आदल्या दिवशीच गेलं. हळद लागलेली ताई, आई, बाबांचे थोरले भाऊ अण्णाकाका आणि मी सकाळी मोटारीने निघालो.

हातखंब्याच्या पुढे दोन्ही बाजूंना कातळ (जांभ्याचं उघडं माळरान) पसरला होता. काजूच्या मोहोराचा वास येत होता.

"आज ब्रेक ओरडत नाहीत," बाबा म्हणाले. अण्णाकाका मिशीत हसले.

लांज्याला झाडाखाली दडपे पोहे खाल्ले. पुढच्या उतारावर बाबांनी ब्रेक दाबला, तर मोटार थांबेचना. हातब्रेकही धरीना. बाबांनी खालचा गिअर टाकून ती शेताच्या बांधावर घातली. धक्क्याने उरलेले पोहे ताईच्या मांडीवर सांडले.

बाबांनी खाली वाकून ब्रेकच्या सळया तपासल्या. त्या ठीक होत्या. मग पुढचं चाक काढून कुंडीएवढा लोखंडी ड्रम उतरवला. त्याला घासून चाक थांबवणाऱ्या आतल्या पट्ट्या चकचकत होत्या आणि खोबरेलाचा वास येत होता.

"अण्णा!"

"मीच घातलं रे," अण्णाकाका खाली बघत म्हणाले. "चारही चाकांना, फटीतून, पळीपळीने. बैलगाडी कुरकुरली की आपण तेच करतो ना? व्याह्यांच्या दारात गाडी रडत जायला नको, म्हणून."

"आता मुलगी रडेल!" बाबा ओरडले. पुढे राजापूरचा मोठा उतार होता आणि बैलगाडीने वेळेत पोचणं शक्य नव्हतं.

बाबांनी पेट्रोलच्या बोळ्याने पट्ट्या पुसल्या, तरी तेल पाझरतच होतं.

आई म्हणाली, "तेलकट कढई आपण राखेनेच घासतो की."

रस्त्यालगतच्या घरी एक मुसलमान बाई भांडी घासत होत्या. आई राख मागायला गेली. त्यांनी हळदीतल्या ताईकडे पाहिलं.

"या अल्ला! नवरी गाडीत, नि राख कसली मागता?"

"गाडीला लावायला हवी, बाई. ती तेल लावून नवरीपेक्षा जास्त नटली आहे."

त्या हसत सुटल्या. त्यांनी सूपभर राख दिली, वर ताईच्या ओटीत नारळ घातला.

चारही चाकं उतरवून आम्ही राख चोळत होतो, झटकत होतो, पुन्हा चोळत होतो. ताईही पदर खोचून खाली बसली. आईने अडवलं, तेव्हा म्हणाली, "सासरी घासायचंच आहे, इथूनच सुरुवात करते." शेवटी अण्णाकाकांनी जांभ्याचा सपाट तुकडा घेऊन प्रत्येक पट्टी खरखरीत केली.

चाकं बसवून बाबांनी सपाटीवर ब्रेक दाबला. मोटार किंचाळली आणि थांबली. ताईने अण्णाकाकांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

राजापूरचा सगळा उतार मोटार ओरडत उतरली. त्या आवाजाने मांडवातली माणसं रस्त्यावर आली. सूर्य अजून मावळला नव्हता.

"गाडी फारच ओरडते हो तुमची," व्याही म्हणाले.

"ओरडते म्हणून मुलगी पोचली," अण्णाकाका म्हणाले.

ताईच्या नखांत अंतरपाटाआडही राख होती. परतताना तिची जागा रिकामी होती. प्रत्येक उताराला ब्रेक किंचाळत होते, पण त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

मोटार पुढे भंगारात गेली. अण्णाकाका गेले, ताईही गेली. पुढच्या चाकाचा एक ड्रम मी ठेवून घेतला होता. तो मागच्या दारी आहे. त्यात अळू लावलंय.