डिस्क कामात आहे

वाट बघण्यासाठी पदवी मिळत असती, तर आमचे थोरले साडू त्या परीक्षेत देशात पहिले आले असते आणि पदवीदान समारंभाला मात्र सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले असते. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या अक्काचे यजमान. बँकेने माझी बदली कोलकात्याला केली तेव्हा ते सॉल्ट लेकमध्ये राहून आधीच जुने झाले होते. सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत संगणकाचं काहीतरी करत. आम्ही बालीगंजला. दर रविवारी कुणीतरी कुणाकडे तरी जेवायला जायचं असं ठरून गेलं, कारण आमटीत गूळ किती घालायचा यावर एकमत असलेली दुसरी माणसं या शहरात आम्हाला सापडली नव्हती.

त्यांचं ‘काहीतरी’ काय आहे हे समजायला मला दोन वर्षं लागली, आणि तेही त्यांनी पानातल्या वाट्या सरकवून दाखवलं म्हणून. संगणकात वरून प्रोग्रॅम हुकूम सोडत असतात: हे लिहून ठेव, ते वाचून दे. खाली डिस्क असते. ती आधीच कशात तरी गुंतलेली असली की कळवते, आत्ता कामात आहे. अशा वेळी तो हुकूम टाकून द्यायचा नाही. त्याला परत रांगेत ठेवायचं, तेही सगळ्यांच्या पुढे, कारण त्याचा नंबर लागून गेलेला असतो. मग थोडं थांबायचं आणि पुन्हा पाठवायचा. असं पाच वेळा. पाचव्यांदाही तेच उत्तर आलं तर हात टेकायचे आणि वर कळवायचं की काम झालं नाही. ही मधली वाट बघण्याची व्यवस्था साडूभाऊ गेली वीस वर्षं लिहीत आणि दुरुस्त करत होते. “म्हणजे आमच्या बँकेतला काउंटरच की,” मी म्हणालो. त्यांना ते लागलं. “तुमच्या काउंटरवरचा माणूस समोर रिकामा बसून ‘नंतर या’ म्हणतो,” ते म्हणाले. “डिस्क खोटं बोलत नाही.”

माणसाने काम ऑफिसात ठेवून घरी यावं. यांनी ते अंगात भिनवून घेतलं होतं. सेक्टर फाइव्हला जाणाऱ्या ऑटोची इथे रीतसर रांग लागते, चार माणसं भरली की ऑटो सुटते. ही रांग हा साडूभाऊंच्या आयुष्यातला मोठा आनंद. एकदा एका गृहस्थाचा नंबर आला आणि नेमकी ऑटो भरली. पुढची येईपर्यंत तो कोपऱ्यावर चहा प्यायला गेला. परतला तेव्हा लोक म्हणाले, “लाइन छाडले पेछोने, दादा!” रांग सोडली की मागे, हा इथला कायदा. साडूभाऊ मधे पडले. “इनका नंबर लग चुका था. गाडी भरी थी, इसमें इनका क्या कसूर? ये सबसे आगे जाएँगे.” लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. तेव्हा त्यांनी स्वतःची जागा त्या गृहस्थाला देऊन टाकली आणि आपण जाऊन रांगेच्या शेपटाला उभे राहिले. ऑफिसात पाऊण तास उशिरा पोचले, पण मला हे सांगताना त्यांचा चेहरा सत्यनारायण घातल्यासारखा प्रसन्न होता.

मिठाईच्या दुकानाची गोष्ट मी त्यांना अजून माफ केलेली नाही. माझ्या मुलीचा वाढदिवस होता आणि संदेश ही इथली मिठाई आणायचं काम मी मूर्खासारखं त्यांच्यावर सोपवलं. दुकानात गर्दी, दुकानदार कामात. साडूभाऊ बाजूला होऊन एक मिनिट थांबले. पुन्हा गेले, अजून कामात. मग दोन मिनिटं थांबले. मग चार. मग आठ. प्रत्येक वेळी दुप्पट थांबायचं असाही त्यांच्या शास्त्रात एक नियम आहे, म्हणजे कामात असलेल्याला आपला जाच होत नाही. सोळा मिनिटांची पाळी चालू असताना दुपार झाली आणि दुकानदार शटर ओढून जेवायला आणि झोपायला निघून गेला, तो पाचपर्यंत. इथे दुपारी दुकानं झोपतात हे वीस वर्षं राहिलेल्या माणसाला माहीत नव्हतं असं नाही. “मग ओरडायचं ना एकदा, दादा म्हणून!” मी कपाळाला हात लावून म्हणालो. “तो कामात होता हो,” एवढंच त्यांचं उत्तर.

अक्का म्हणायची, “यांना भूक लागली तरी आधी मी मोकळी आहे का ते बघून जातात. मिक्सर चालू असला तर उपाशी.” हे ती हसून सांगायची. तीन वर्षांपूर्वी तिचं ते हसणं थांबलं.

त्या दिवशी परदेशातल्या कुठल्याशा गिऱ्हाइकाची यंत्रणा अडकली होती आणि साडूभाऊ सकाळपासून कानाला हेडफोन लावून बसले होते. साताऱ्याहून धाकट्या भावाचा फोन आला. साडूभाऊंनी तो कापला आणि फोनमध्ये तयारच असतो तो निरोप पाठवला: मी कामात आहे, नंतर फोन करतो. फोन पुन्हा आला. पुन्हा तोच निरोप. असं पाच वेळा झालं. त्यांच्या मते यात चुकीचं काही नव्हतं; कामात असलेल्याने कामात आहे म्हणून कळवलं, करणारा थांबून पुन्हा करेल. सहावा फोन आला नाही. गिऱ्हाइकाचं काम संपवून त्यांनी चार वाजता फोन लावला तेव्हा आई जाऊन दीड तास झाला होता. ती थोरल्याचा आवाज ऐकायचा म्हणत होती, म्हणून भाऊ तिच्या कानाशी फोन धरून बसला होता.

साताऱ्यात तेरा दिवस दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले आणि धाकटा त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. साडूभाऊ परत आले, आणि तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता भावाला फोन लावायला लागले. पलीकडून ती बाई सांगते की हा नंबर सध्या व्यस्त आहे. दर रविवारी, बरोबर अकराला, व्यस्त. मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं की भावाने यांचा नंबर ब्लॉक केला आहे. धीर करून मी तसं म्हणालो. “माहीत आहे,” ते म्हणाले. “लावलेली कडी काढताही येते.” मग माझ्या फोनवरून करा, म्हटलं, तर मान हलवली. “दार त्यानं माझ्यासाठी लावलंय. वाजवायचं ते मीच. दुसऱ्याच्या नावानं आत शिरणं बरं नाही.”

ऑफिसातही त्यांनी घोळ घातला. पाच वेळांची मर्यादा त्यांनी एके दिवशी काढूनच टाकली. डिस्क कामात आहे म्हणते ना, मग कितीही वेळा विचारा. टेस्टच्या मशीनमध्ये एक डिस्क बिघडलेली होती, ती दोन दिवस कामातच राहिली आणि तिच्यामागचं सगळं ठप्प झालं. त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या बंगाली साहेबीणबाईंनी मर्यादा परत घातली आणि म्हणाल्या, “दादा, कहीं तो रुकना पड़ेगा ना.” घरी अक्का वेगळं काही म्हणत नव्हती. रविवारी अकराच्या आधी कुठे जायचं नाही आणि त्यानंतर जावंसं वाटत नाही, असा संसार तीन वर्षं चालला होता. “एकदाचं सोडून द्या,” ती म्हणायची, “मलाच आता ती बाई स्वप्नात ऐकू येते.”

यंदा आईच्या श्राद्धाला भावाने सगळ्या नातेवाइकांना कळवलं, यांना सोडून. त्या रविवारी फोन लावून झाल्यावर साडूभाऊ पानावर येऊन बसले आणि वरणभात कालवत शांतपणे म्हणाले, “पुढच्या रविवारी शेवटचा. त्यानं पाचव्यांदा सोडलं, ते नियमाला धरूनच होतं. मी फार ताणलं.” अक्काने इतके दिवस जे मागितलं ते तिला मिळालं होतं, पण ती वाढता वाढता थांबली. मागाहून माझ्या बायकोला ओट्यापाशी म्हणाली, “आता हा माणूस रविवारी उठेल तरी कशासाठी गं?”

मी तापट माणूस आहे. मला हे सोसवेना. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी बँकेतून साताऱ्याला फोन लावला, त्या भावाला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून. दुसऱ्याच घंटेला उचलला. आवाज हुबेहूब साडूभाऊंचा. मी कोण ते सांगितलं. आता कापणार असं मला वाटलं.

“दादा बरा आहे ना?” त्यानं विचारलं.

“बरे आहेत. तुम्ही फोन उचला म्हणजे आणखी बरे होतील.”

“रविवारी आला होता त्याचा,” तो म्हणाला. “ब्लॉक केलेले फोन वाजत नाहीत, पण यादीत दिसतात. रविवारी जेवलो की बघतो.”

“मग उचला की हो एकदा! तीन वर्षं झाली!” मी आवाज चढवला. केबिनबाहेरच्या दोघांनी वळून बघितलं.

“नाही जमत. आई कशी कान लावून होती ते तुम्ही बघितलं नाहीत.” मग आवाज खाली आणत म्हणाला, “पण एखाद्या रविवारी त्या यादीत त्याचा नंबर दिसला नाही, तर मी काय समजायचं? ...त्याला सांगू नका मी असं बोललो म्हणून.”

नाही सांगत, असं मी वचन दिलं. तीस वर्षं बँकेत काढली, कुणाच्या खात्यातलं कुणाला कधी सांगितलं नाही. हे वचन चार दिवस टिकलं. रविवारी सॉल्ट लेकला गेलो तेव्हा साडूभाऊ दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, अकराची वाट बघत बसले होते. कुणाला तरी स्टेशनवर पोचवायला निघाल्यासारखे. मी पायातले बूट काढण्याआधीच सगळं सांगून टाकलं. भाऊ उचलणार नाही हेही सांगितलं, तो दर आठवड्याला बघतो हेही सांगितलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

ते रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“जेवतो किती वाजता?” त्यांनी विचारलं.

ते मी विचारलं नव्हतं. एकच्या सुमाराला असेल, असं म्हणालो.

अकरा वाजले, बारा वाजले, ते जागचे हलले नाहीत. एकला दहा कमी असताना उठून बाल्कनीत गेले. ती बाई बोलली ते आम्हाला आत ऐकू आलं. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि हात धुऊन पानावर आले.

“दहा मिनिटांत दुसरे फोन आले तर माझा खाली सरकेल,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी अगदी एकच्या तोंडावर लावतो. म्हणजे त्याला शोधावा लागणार नाही.”

आता रविवारी आमची पानं एक वाजल्यावरच मांडतात. मुलं भुकेने कुरकुरतात. साताऱ्यात त्याच सुमाराला कुणीतरी जेवून उठतं आणि फोन हातात घेतं. भावाभावांचं बोलणं अजून झालेलं नाही.