दीड मीटरचा कोट

आमच्या ह्यांच्याइतका शांत माणूस भोपाळच्या अख्ख्या पिपलानी वसाहतीत नव्हता आणि माझ्याइतकी तोंडाळ बाई नव्हती. मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला कष्ट नकोत.

मी पुण्याची, हेडमास्तरांची मुलगी. भोपाळला काकांकडे सुट्टीत राहायला आले आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या नरहर टेंभेकरांशी लग्न ठरवून बसले. बाबांना हातात खडू घेऊन लोखंडावर रेघा ओढणारा जावई नको होता. त्यांनी बारा वर्षं पत्र टाकलं नाही. मीही त्यांचीच मुलगी, मीही टाकलं नाही. पण दिवाळीला पणत्या लावताना दर वर्षी एक जास्तीची पणती माहेरच्या नावाने लावायचे.

हे कारखान्यात मार्कर. पोलादाच्या जाड पत्र्यावर आखणी करायची, मग दुसऱ्याने ती गॅसने कापायची. एका पत्र्यातून जास्तीत जास्त तुकडे काढण्यात ह्यांचा हातखंडा. उलटा, आडवा, तिरपा, कसाही तुकडा बसवतील. मागे भंगार उरेल ते ओंजळभर. साहेबलोक मुद्दाम येऊन बघायचे. घरी शंकरपाळे कापायला बसले तरी कडेची कणीक वाया जाऊ द्यायचे नाहीत.

तर बारा वर्षांनी माझ्या भावाच्या, सुभाषच्या लग्नाची पत्रिका आली. खाली बाबांच्या अक्षरात दोनच शब्द होते. 'दोघांनी यावे.' मी ते वाचत बसले आणि तिकडे गॅसवर दूध उतू गेलं. जाऊ दे मेलं, म्हटलं.

त्याच दिवशी मी ठरवलं, हे लग्नात कोट घालणार. बाबांना दिसू दे, आपली मुलगी कुठे उकिरड्यावर पडलेली नाही.

"अगं, स्वेटर आहे की," हे म्हणाले.

"स्वेटर घालून माझ्या माहेरच्या पंगतीत बसणार? काही बोलू नका तुम्ही!"

रविवारी बसने जुन्या शहरात गेलो. चौकातली दुकानं पालथी घातली. ताग्यातलं कापड परवडण्यासारखं नव्हतं आणि परवडणाऱ्याला हात लावला की पोत्याची आठवण येत होती. शेवटी एका गल्लीत कटपीसचं दुकान सापडलं. तिथे ढिगाखालून ह्यांनी राखी रंगाचा एक लोकरी तुकडा ओढून काढला. मऊ, मांजराच्या पिल्लासारखा. अर्ध्या भावात. पण दीडच मीटर.

"कोट को दो लगेगा, भाईसाब," दुकानदार म्हणाला. "इसमें जाकिट बनेगी, बिना बाँह की."

ह्यांनी कापड पसरलं, वितीने मापलं आणि हसले. "होईल," म्हणाले.

मी एरवी भाजीवाल्याला सोडत नाही, पण त्या दिवशी गप्प बसले. मलाही तो तुकडा सोडवत नव्हता.

शिंपी अशोका गार्डनमधला, मास्टरजी. त्यांच्याकडून कोटाचे कागदी नमुने मागून आणले आणि आमच्या पलंगावर हे रात्रपाळी केल्यासारखे जुंपले. दोन संध्याकाळी गुडघे टेकून कागद फिरवत होते. बाही उलटी घातली, छातीचा एक भाग खाली डोकं वर पाय केला आणि बसवला की हो सगळा कोट त्या दीड मीटरमध्ये! मी ह्यांची दृष्ट काढली.

मास्टरजींनी आखणी बघून मान हलवली. "बाबूजी, कपड़े में रोआँ है. उलटा काटूँगा तो रंग अलग दिखेगा." त्यांनी हात फिरवून दाखवलं. लव एकीकडे झोपली की कापड फिकं, दुसरीकडे झोपली की गडद. हे आयुष्यात कुणाशी वाद घालत नाहीत, पण आखणीवर कुणी बोट ठेवलेलं चालायचं नाही. "कापा तुम्ही," म्हणाले. मास्टरजींनी कात्री उचलली. "कपड़ा आपका, कोट आपका."

जायच्या दिवशी सकाळी कोट आला. ह्यांनी घातला आणि अंगणात उन्हात उभे राहिले. देवा रे! डावी बाही आणि छातीचा डावा भाग फिका, उजवीकडचा गडद. दोन माणसांचे अर्धे अर्धे कोट जोडल्यासारखा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मी शर्टावर येतो," हे म्हणाले. "नाहीतर तू एकटी जा. पण जा."

मला नुसती आग लागली होती. "एकटी जाऊ? म्हणजे नवऱ्याने टाकली म्हणतील! मी नाही जात तुमच्यासारख्याला घेऊन!" तोंडातून गेलं ते गेलं. संध्याकाळची गाडी सोडली. रजा मिळाली नाही, अशी खोटी तार ह्यांनीच जाऊन केली.

ह्यांनी तो कोट दर थंडीत घातला. सायकलवरून कारखान्यात जायचे, लोक हसायचे आणि हेच त्यांना थांबवून लव कशी बघायची ते समजावून सांगायचे. मला मात्र खुंटीवरचा तो कोट बघवत नसे.

लग्नानंतरच्याच आषाढात बाबा गेले. तार उशिरा मिळाली, मी एकटी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

वर्षभराने सुभाष त्याच्या बायकोला, नलिनीला घेऊन आमच्याकडे आला. त्याने एक पुडकं माझ्या हातात दिलं. "ताई, लग्नातला तुमचा आहेर. बाबा म्हणाले होते, पोस्टाने नाही पाठवायचा, ती दोघं आली की हातात द्यायचा."

माझ्यासाठी डाळिंबी साडी होती. त्याखाली कोटाचं निळं कापड, ताग्यातलं, चांगलं तीन मीटर. त्यावर टाचणीने कागद लावला होता. 'चि. नरहररावांस. माप ठाऊक नाही, म्हणून जास्त घेतले आहे.'

ह्यांनी तो कागद उभ्याने वाचला. मग माझ्याशेजारी येऊन बसले आणि माझा हात धरला.

"शशी," म्हणाले, "आपण जायला हवं होतं गं."

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला ऐकवलं ते एवढंच.