चन्नवीरअप्पांची बंदूक

सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत मी शस्त्र परवान्यांच्या टेबलावर अकरा वर्षं काढली. स्वभावाने मी तिरसट. अर्जावर एक तारीख चुकली तरी माणसाला परत पाठवायचो. मिशांना पीळ देत येणारे बागायतदार माझ्यासमोर मिशा सोडून कागद नीट करत बसायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

एकाच माणसापुढे माझं काही चालायचं नाही. चन्नवीरअप्पा. अक्कलकोटच्या अलीकडे त्यांची बारा एकर ज्वारी, हरभरा, भुईमूग. रानडुकरं फार, म्हणून पीक राखायला एकनळी बंदुकीचा परवाना. दर डिसेंबरात मुदत संपायची. मग अप्पा सकाळच्या एसटीने यायचे, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आणि काखेत बायकोच्या, काशम्माच्या, जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळलेली बंदूक. लेकराचं दुपटं सोडावं तशी ती सोडायचे.

त्या बंदुकीने कधी चिमणीसुद्धा मेली नव्हती. अप्पा लिंगायत, घरात अंडं शिजलेलं नाही. शेतात डुकरं शिरली की ते नळी आभाळाकडे करून बार काढायचे.

"आपल्याला जीव कशाला घ्यायचा भाऊसायेब? पळालं की झालं की," असं म्हणायचे.

"आणि नाही पळाली तर?"

"आता वळकाया लागलेत मला. येक तर बघतंय आन् परत खातंय."

शिवाय खंडेनवमीला बंदुकीला विभूती लावून, झेंडूची माळ घालून ते पुजायचे. परवाना मिळाल्यापासून गावात त्यांना 'बंदूकवाले अप्पा' म्हणत. पंचायतीत बसायला पुढची जागा त्या बंदुकीने दिली होती, हे ते मोकळेपणाने सांगायचे. जाताना टेबलावर शेंगाचटणीची पुडी ठेवायचे. मी म्हणायचो, "अप्पा, ही लाच झाली." ते म्हणायचे, "लाच गोड असती. हे तिखट हाय."

पंचाहत्तर सालच्या डिसेंबरात अप्पा आले तेव्हा बंदूक सोडताना त्यांचा हात थरथरत होता. खांद्याच्या वर जातच नव्हता. पाणी प्यायला तांब्या उचलला तो दोन्ही हातांनी. अर्जावर ते कानडीत सही करायचे, गोल गोल, सुरेख. त्या दिवशी पेन कागदावर टेकेना. नियम मला पाठ होता. हत्यार सांभाळायला माणूस धड आहे की नाही हे बघून शेरा लिहिणं माझं काम होतं, आणि शंका असेल तर डॉक्टरचा दाखला मागायचा. पण हा माणूस बंदुकीविना गावात परत गेला तर त्याचं काय होईल, तेवढंच माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी उठलो, त्यांचा हात माझ्या हातात धरला आणि सही करून घेतली. 'योग्य' असा शेरा लिहिला. साहेबांनी माझ्या शेऱ्यावर विश्वास ठेवून शिक्का मारला. अप्पा निघाले तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

फेब्रुवारीत ते अवेळी आले. या खेपेला काशम्मा बरोबर होत्या. अप्पांच्या काखेत बंदूक नव्हती, घोंगडं होतं. त्यांनी ते टेबलावर पसरलं. एका बाजूला छऱ्यांची सात-आठ भोकं होती.

"सकाळी धुकं हुतं," अप्पा म्हणाले. "ही हरबऱ्याचं घाटं तोडाया गेलती, मला ठावं न्हाय. डुकरांचा आवाज आला. मी आभाळावरच नेम धरला हुता भाऊसायेब. शपथ घिऊन सांगतो. हातच खाली आला."

मग काशम्मा बोलल्या.

"मला काय बी झालं न्हाय. वाकले हुते म्हणून. अंगावरचं घोंगडं तेवढं गेलं." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ह्यांचा हात चालंना, ते मला दिवाळीपासनं ठावं हाय. पर ह्यांचं मन मोडंल म्हणून मी बोलले न्हाय. तुमीबी न्हाय बोलला व्हय?"

त्यात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

अप्पांनी खिशातून पोलीस ठाण्याची पावती काढली. बंदूक जमा केली होती. परवाना रद्द करण्याचा अर्ज तेवढा मी लिहून द्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं. मी लिहिला.

"आता गावात काय म्हणतील अप्पा?" मी विचारलं.

"काय म्हणत्याल? डबा वाजवीन की. डुकरं डब्यालाच जास्त भितात." ते हसले, पण डोळे भरलेले होते.

मग सहीसाठी पेन घेतलं. टोक कागदावर नाचायला लागलं. माझा हात आपसूक पुढे गेला. काशम्मा बघत होत्या. मी हात मागे घेतला आणि टेबलाखाली मांडीवर दाबून ठेवला.

एकेक अक्षर जोडत अप्पांनी सही केली. बराच वेळ लागला. वाकडीतिकडी होती, पण त्यांची होती.

जाताना त्यांनी चटणीची पुडी ठेवली.

"अप्पा, आता कशाला?"

"आता परवाना न्हाय," अप्पा म्हणाले, "आता लाच न्हाय हुयाची. खावा."