लेरॉयचा सत्कार, हॅमिल्टन मुक्कामी

स्कारबरोहून निघताना माझ्या मुलीने, वैशालीने, मला तीन सूचना दिल्या. गाडीत बसल्याबरोबर सीटबेल्ट लावायचा. कुणाचंही वय आणि पगार विचारायचा नाही. आणि तिथे जाऊन रेफ्रीगिरी करायची नाही. "बाबा, ते सगळे सीनियर्स आहेत, त्यांना एन्जॉय करू द्या," ती म्हणाली. मी स्वतः अडुसष्टचा होतो, पण मुलांच्या हिशेबात आईवडील म्हातारे नसतात, नुसते त्रासदायक असतात.

नोटबंदीनंतरचा उन्हाळा होता. कोल्हापुरात मी क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झालो. पेठापेठांच्या फुटबॉल सामन्यांत वीस-बावीस वर्षं शिट्टी फुंकली आणि त्या बदल्यात शहरातल्या यच्चयावत तालमींच्या (आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचेच असतात) शिव्या खाल्ल्या. आम्ही दोघं नवराबायको तीन महिन्यांसाठी मुलीकडे आलो होतो. पहिल्या पंधरवड्यात नायगारा झाला. प्रत्येक मराठी आईबापाचा असतो तसा प्लॅस्टिकच्या रेनकोटातला फोटोही निघाला. मग उरले अडीच महिने आणि मागचं अंगण.

त्या अंगणाच्या कुंपणापलीकडे इयन राहायचा. ग्लासगोजवळच्या कुठल्याशा गावातून तो जवळजवळ तीस वर्षांपूर्वी कॅनडात आलेला, बसदुरुस्तीच्या कारखान्यात फोरमन होऊन निवृत्त झालेला. त्याची इंग्रजी मला कळत नसे, माझी त्याला. त्यामुळे आमचं उत्तम जमलं. तो 'हो'ला 'आय' म्हणायचा आणि लहानसहान प्रत्येक गोष्टीला 'वी' (इवलंसं) लावायचा. वी चहा, वी पाऊस, वी हार्ट अटॅक. 'शिंदे' त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून मी 'शिंडी' झालो. मी रेफ्री होतो हे कळल्यावर त्याने दोन दिवस संशयाने पाहिलं, तिसऱ्या दिवशी बिअर आणली आणि चौथ्या आठवड्यात हॅमिल्टनचं आमंत्रण दिलं.

हॅमिल्टनला त्याच्या आवडत्या स्कॉटिश संघाच्या पाठीराख्यांचं मंडळ आहे. मायदेश सोडून तीस-तीस वर्षं झाली तरी ही मंडळी शनिवारी सकाळी एकत्र जमून टीव्हीवर मॅच बघतात आणि हरल्यावर एकमेकांशी बोलत नाहीत. आम्हा कोल्हापूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. यंदा मंडळ एका जुन्या खेळाडूचा सत्कार करणार होतं. लेरॉय त्याचं नाव. जन्म जमैकाचा. ऐंशीच्या दशकात दोन मोसम त्या संघाकडून खेळलेला, त्या काळच्या संघातला एकुलता एक काळा माणूस. आता तो हॅमिल्टनमध्येच लेकीकडे राहत होता. हे मंडळाला समजायला किती वर्षं लागली, ते इयनने सांगितलं नाही.

रस्ता रुंद, सरळ आणि कंटाळवाणा. डाव्या हाताला अधूनमधून सरोवर दिसायचं. सरोवर कसलं, समुद्रच तो, फक्त मिठाविना. अर्ध्या वाटेवर कॉफी प्यायलो. हॅमिल्टन जवळ आलं तशा पोलाद कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागल्या. कॅनडात आल्यापासून सगळं इतकं धुतल्यासारखं पाहिलं होतं, की तो काळपट धूर बघून मला घरच्यासारखं वाटलं.

"त्या काळी फार वाईट चालायचं," इयन गाडी चालवता चालवता म्हणाला. "मैदानात केळी फेकायचे. माकडासारखे आवाज काढायचे."

"कोण?"

"लोक."

"तुमचे?"

"दुसऱ्यांचे," तो म्हणाला, आणि रेडिओ लावला.

मंडळाचा हॉल म्हणजे दगडी पायाची एक जुनी इमारत. इयनने मला दारात उतरवलं आणि तो पार्किंग शोधायला गेला. मी आमच्या रेफ्री संघटनेचा निळा ब्लेझर घातला होता. दाराशी टेबल मांडून एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या. मला पाहताच त्या उभ्याच राहिल्या. "आले! आले!" असं ओरडत त्यांनी माझ्या गळ्यात मंडळाचा मफलर घातला, खिशाला फूल टोचलं आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तुम्ही जराही बदलला नाहीत हो!"

आपल्याकडे पाहुण्याला फेटा बांधतात, तशीच ही पद्धत असेल असं मला वाटलं. मी नमस्कार केला. आत चार-पाच जणांनी हात हलवले. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. एक काठीवाले आजोबा डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "तो तुमचा डाव्या पायाचा गोल! मी मरेपर्यंत विसरणार नाही." आता एवढ्या वयाच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी म्हणालो, "थँक यू."

तेवढ्यात इयन आत आला आणि दारातूनच ओरडला, "अरे, हा शिंडी आहे! माझा शेजारी!"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. तेव्हा त्यांना दाराबाहेर उभा असलेला एक माणूस दिसला. सव्वासहा फूट उंच, काळाभोर, पांढरी दाढी. शेजारी त्याची मुलगी. टेबलवाल्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं, सत्कारमूर्ती आत गेले आहेत, तुम्ही नातेवाईक असाल तर जरा थांबा. तो थांबला होता.

माझी उंची पाच फूट चार इंच. रंग सावळा, मिशी कोल्हापुरी. आमच्या दोघांत सारखं म्हणण्यासारखं काहीही नव्हतं, एवढंच की आम्ही दोघं त्या हॉलमधल्या बाकीच्यांसारखे नव्हतो.

अध्यक्ष लालबुंद झाले. "माफ करा," ते म्हणाले, "आमच्या मंडळात आम्ही रंग बघतच नाही!"

हे मात्र खरं असणार. बघितला असता तर इतकी चूक झाली नसती.

मी घाईघाईने मफलर काढू लागलो. लेरॉयने माझा हात धरला. "राहू द्या, शोभतोय तुम्हाला," तो म्हणाला. "गोल कसा होता माझा?"

"झकास," मी म्हणालो. "डाव्या पायाचा."

"मी उजव्या पायाने खेळायचो," तो म्हणाला, आणि मोठ्यांदा हसला. त्याने मला आपल्या शेजारीच बसवलं. त्याची मुलगी ग्रेस, तिथल्या इस्पितळात नर्स, ती मात्र हसली नाही.

जेवणात हॅगिस होतं. मेंढीचं काळीज, फुप्फुस वगैरे बारीक करून, त्यात ओट मिसळून, पिशवीत भरून शिजवतात. म्हणजे आमच्या वजडीची चुलत बहीण, पण सासरी जाऊन तिखट सोडलेली. सोबत 'नीप्स' (कुस्करलेला सलगम) आणि बटाटा. मी खिशातून पुडी काढून वर कांदालसूण चटणी भुरभुरली. लेरॉयने बशी पुढे केली. मग त्या टेबलावरच्या सगळ्यांनीच केली, आणि काठीवाल्या आजोबांना पाणी पाजावं लागलं.

"तुमच्याकडे खेळायला येतात का काळे खेळाडू?" ग्रेसने मला विचारलं.

"येतात तर! नायजेरियाचे येतात. आमचे लोक त्यांना खांद्यावर घेऊन नाचतात," मी म्हणालो.

"मग असलं काही होत नाही?"

"छे छे. आमच्याकडे असलं काही नाही." हे वाक्य इतकं सहज तोंडातून निघालं, की माझं मलाच कौतुक वाटलं.

अध्यक्षांनी भाषण केलं. त्या काळचे दिवस कठीण होते, इतर क्लबांचे प्रेक्षक रानटी होते, पण आपला क्लब म्हणजे पहिल्यापासून एक कुटुंब, वगैरे. टाळ्या झाल्या. मग लेरॉय उठला. त्याच्या हातात कागद नव्हता.

"आता पुष्कळ बदललंय," त्याने सुरुवात केली. "गेल्या वर्षी मी ग्लासगोला मॅच बघायला गेलो होतो. आमच्या संघात चार काळी पोरं होती आणि कुणी त्यांची मोजदाद करत नव्हतं. माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस काहीतरी ओरडला, तर त्याच्याच मुलाने त्याला खाली बसवलं. हे मी पाहिलं. याचा मला आनंद आहे. आमच्या वेळी असं बसवणारं कुणी नव्हतं."

मग त्याने अध्यक्षांकडे पाहिलं.

"माझ्यावर केळी फेकली ती परगावच्या मैदानांवर, हे अध्यक्ष म्हणाले ते बरोबर आहे. घरच्या मैदानावर माझ्या नावाची गाणी म्हणायचे. पण एका मॅचला समोरच्या संघातही एक काळा विंगर होता. त्याच्या पायात चेंडू गेला, की आपलं अख्खं स्टँड माकडाचा आवाज काढायचं. माझ्या पायात आला, की माझं गाणं. एकदा मी स्टँडकडे वळून पाहिलं. पहिल्या रांगेतल्या एकाने मला शाबासकीचा अंगठा वर केला आणि तो ओरडला, 'तुला नाही रे, लेरॉय! तू आपला आहेस!' मी त्या दिवशी गोल केला. त्या विंगरकडे बघायचं मात्र मला धाडस झालं नाही. तुमच्यातलं कुणी होतं त्या मॅचला?"

मघाशी डाव्या पायाचा गोल मरेपर्यंत न विसरणारे आजोबा आता बटाट्यात काहीतरी शोधत होते.

माझ्या समोर बसलेल्या इयनने हात वर केला.

"मी होतो," तो म्हणाला. "आवाज काढणाऱ्यांत होतो."

"इयन, आज नको," अध्यक्ष पुटपुटले.

"अंगठा वर करणारा मी नव्हतो," इयन म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पण त्याच्या मागच्याच रांगेत होतो. माझी मुलगी खांद्यावर होती. चार वर्षांची. ती पण आवाज काढत होती. मी शिकवला होता."

मला वाटलं, आता लेरॉय त्याला मिठी मारेल, लोक डोळे पुसतील. तसं काही झालं नाही. लेरॉय त्याच्याकडे वळून म्हणाला, "थँक यू. मी आजवर शेकडो जणांना विचारलं, पण त्या मॅचला कुणीच नव्हतं. मला वाटायला लागलं होतं, स्टेडियम रिकामंच असावं." मग तो खाली बसला आणि चहा मागितला.

सत्कार झाला. शाल नव्हती, काचेची एक जड तबकडी होती. निरोप घेताना पुष्कळ जणांनी इयनशी हात मिळवला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिथे मॅच न हरता अबोला झाला.

परतीच्या वाटेवर इयनने रेडिओ लावला नाही. सरोवर आता उजव्या हाताला होतं, उन्हात चकाकणारं. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "तुझ्याकडे खरंच काही नाही का असलं?"

आणि मग मी त्याला इमॅन्युएलचं सांगितलं. नायजेरियाचा पोरगा, आमच्या एका तालमीने दोन मोसम आणलेला. बॅकला उभा राहिला की भिंत. त्याच्या पायात चेंडू गेला, की समोरच्या गॅलरीतून 'ए कोळशा' आणि त्यापुढचं बरंच काही. पहिल्या वर्षी तो हसून हात हलवायचा, त्याला वाटायचं कौतुक चाललंय. दुसऱ्या वर्षी एका सामन्यात तो चेंडू हातात घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मला आता मराठी कळतं."

"मग?" इयनने विचारलं.

"मी म्हणालो, प्रेमाने म्हणतात रे, खेळ. तो जागचा हलेना. मग मी वेळ घालवल्याबद्दल त्याला यलो कार्ड दाखवलं. गॅलरीने माझ्या नावाचा जयजयकार केला. बावीस वर्षांत तो एकदाच."

इयनने इंडिकेटर दिला, लेन बदलली. "तिथेच हात वर करायचास की, शिंडी," तो म्हणाला. "मी एकटाच पडलो होतो."

घरी वैशालीने विचारलं, "कसं झालं फंक्शन?" नातू आयपॅडवरून मान न उचलता म्हणाला, "आजोबा, डिड यू गेट केक?" केक मिळाला होता, असं मी सांगितलं.

सप्टेंबरात आम्ही कोल्हापूरला परतलो. प्रवासाहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे आठवडाभर मान असतो. चौकात मी हॅमिल्टनची हकिकत सांगितली, तेव्हा स्कॉटलंडचे लोक किती नालायक, यावर सर्वांचं एकमत झालं. मग मी इमॅन्युएलचा विषय काढला. "सर, आपल्याकडं ते गमतीनं असतंय," एक जण म्हणाला. "तुम्हाला बाहेरची हवा लागली," दुसरा म्हणाला, आणि चहा आला.

तालमीच्या जुन्या मॅनेजरकडून मी नंबर मिळवला. चार दिवस तो खिशात घेऊन फिरलो. पाचव्या दिवशी सकाळी फोन लावला. इमॅन्युएल बेंगळुरूला एका शाळेत कोच झाला होता. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. मी नाव सांगितलं, रेफ्री होतो हे सांगितलं, यलो कार्डचं सांगितलं, चुकलो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या खेळाडूला चुकलो म्हणत होतो.

पलीकडे तो आठवत राहिला.

"कुठली मॅच, सर?" शेवटी तो हिंदीत म्हणाला. "असं बऱ्याच वेळा झालं. एक रेफ्री दाढीवाले होते, ते तुम्ही?"

"नाही. मी मिशीवाला."

"नाही आठवत, सर. सॉरी."

सॉरी तो म्हणाला. लेरॉयला तीस वर्षांत त्या मॅचला हजर असलेला एकच माणूस भेटला. आमच्या इमॅन्युएलच्या आठवणीत मात्र इतकी गर्दी होती, की तिच्यात मला उभं राहायला जागा नव्हती.

"पांढरा रस्सा अजून तसाच मिळतो का, सर?" त्याने विचारलं.

"मिळतो. ये एकदा. माझ्या घरी ये."

तो लगेच हो म्हणाला नाही. मागे कुणीतरी पोरगं 'कोच, कोच' करत होतं. त्याला थांबायला सांगून तो म्हणाला, "नंबर सेव्ह करतो, सर. नाव काय म्हणालात?"