तिच्या यो-योतलं वंगण

यो-यो आणला मी. तिला शिकवला मी. चुलतबहीण, लातूरच्या भाड्याच्या खोलीत माझ्या शेजारीच झोपायची, म्हणून दया येऊन म्हटलं, धर बाई, तूबी फिरव. तर सहा महिन्यांत हीच माझ्या पुढं!

मला वीस ट्रिका यायच्या, तिला चार. पण माझी दोरी माशा हाकल्यागत फडफडायची, अन् तिचा हात असा सावकाश फिरायचा की घरमालकीणबाई भाजी निवडायचं सोडून बघत बसायच्या. "काय हलका हात हाय गं हिचा!" मला मात्र नुसतं, "तूबी करतीस की." अस्सा जीव जळायचा! आजही ती यो-यो हातात घेते तेव्हा माझ्या पोटात दुखतं.

कॉलेजच्या गॅदरिंगला यो-योचा एकच आयटम घेणार होते. सोमवारी निवड. अभ्यासात ती पुढं, स्वयंपाकात ती पुढं. एवढं एक तरी माझं राहावं, असं लई वाटायचं.

रविवारी आम्ही निलंग्याकडं गावी गेलो. वडील ट्रॅक्टरला वंगण देत होते. ते जेवायला उठले तसं मी डब्यातलं बोटभर वंगण घेतलं अन् तिच्या यो-योच्या बेअरिंगमध्ये थापलं. बेअरिंग कोरडं असलं तरच यो-यो खाली गरगरत राहतो. वंगण भरलं की सोडल्या सोडल्या हातात परत. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: आपल्या घरी फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला वंगण देतात, मला काय माहीत!

सोमवारी आधी मी खेळले. वीसच्या वीस ट्रिका, धडाधड. मग तिनं सोडला, अन् तो टप्पकन वर. पोरं हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

तिनं बोटं हुंगली. माझ्या हाताकडं बघितलं. मग यो-यो इतका अलगद सोडला की वर यायचं त्याला सुचेचना. यायला लागला की हात खाली नेऊन थोपवायची, झोपत्या लेकराला थोपटावं तसं. तीनच ट्रिका केल्या. मघा हसलेली पोरं बाकावर चढून बघायला लागली.

"हीच," सर म्हणाले. "कुणी शिकवलं गं?"

"हिनं." बोट माझ्याकडं.

सगळे वळून माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. माझ्या नखात अजून काळं वंगण होतं. मी मूठ उघडलीच न्हाई.